सूनबाईच्या बाहुलीवर माझी देखरेख

५ मार्च, बुधवार

उद्या सूनबाईच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन. मूळची लेन्स काढायची नाही, तिच्या पुढे, बुबुळाच्या मागे आणखी एक पातळ लेन्स सरकवायची. डावा डोळा पुढच्या गुरुवारी. नंबर उणे तेरा. चष्मा काढला की तिला माझं तोंड म्हणजे भिंतीवरचा ओलाव्याचा डाग दिसतो (तिचेच शब्द).

ती लहान मुलांना पोहायला शिकवते. गेल्या वर्षी तलावाच्या पलीकडच्या टोकाला एक मुलगी पाण्याखाली गेली आणि हिला चार सेकंद उशिरा दिसली. मुलीला काही झालं नाही, पण सूनबाई घरी आली ती दोन दिवस गप्प. मग मीच म्हटलं, पोरी, लेन्स बसवून घे. भ्यायचं काय त्यात? चाळीस वर्षं कॅमेरे दुरुस्त केले, कोणाकडे न शिकता. डोळा म्हणजे शेवटी कॅमेराच.

चिरंजीव बोटीवर इंजिनियर आहेत, तीन महिने येणार नाहीत. त्यामुळे सगळी जबाबदारी माझी. मी अजिबात घाबरलेलो नाही. संध्याकाळी दोनदा चहा सांडला, पण कपाचा कानच तसला आहे.

६ मार्च, गुरुवार

सकाळी घरीच थेंब घालायचे होते, लाल बुचाच्या बाटलीतले, दर दहा मिनिटांनी. घड्याळ हातात धरून घातले. एक सेकंद इकडे तिकडे नाही. हॉस्पिटलात सिस्टर म्हणाली, छान तयारी करून आणलंत. सौ.कडे बघितलं. तिने ऐकलं नाही असं दाखवलं.

ऑपरेशन वीस मिनिटांचं. मी बाहेर बसून एक मासिक वाचलं. सौ. म्हणते, उलटं धरलं होतं. मुखपृष्ठच तसं विचित्र होतं.

लाल बाटली अर्धी उरली. उरलेली टाकून द्या, असं कोणीतरी म्हणालं. टाकायला काय लागतं? ठेवायला अक्कल लागते.

७ मार्च, शुक्रवार

पट्टी निघाली. सूनबाईने खिडकीतून समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी बघितली, टाकीवरचा कावळा बघितला, आणि रडायला लागली. डोळ्यातून पाणी नको काढू म्हणून मी ओरडलो. मग मी आत जाऊन थोडं काढलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या सगळं उत्तम. बाहुली, म्हणजे बुबुळाच्या मधलं काळं छिद्र, अजून मोठी आहे, एक-दोन दिवसांत आपोआप लहान होईल.

घरी आल्यावर औषधांची व्यवस्था लावली. दोन बाटल्या नव्या, एक कालची. लेबलं मुंग्यांसाठी छापलेली. सौ. स्वतःचा चष्मा पुढे करत होती. मला चष्मा लागत नाही. ह्या डोळ्यांनी मी केसाएवढे स्क्रू बसवले आहेत. लेबलं सरळ सोलून काढली आणि दुकानातली पद्धत लावली. दुकानात लाल बूच म्हणजे रोजचं तेल, तपकिरी म्हणजे अधूनमधून, पांढरं म्हणजे स्पेअर. चाळीस वर्षं हीच पद्धत, एक कॅमेरा बिघडला नाही. (एक बिघडला होता. तो मुळातच बिघडायला आलेला होता.)

कागदावर लिहिलंय: एक नंबरचं औषध दिवसातून सहा वेळा, दोन नंबरचं चार वेळा. एक नंबर म्हणजे उघडच लाल. पांढरी बाटली दुसऱ्या डोळ्यासाठी कपाटात ठेवली.

संकल्प: एकही थेंब चुकणार नाही.

८ मार्च, शनिवार

पुठ्ठ्याला दोन ते आठ मिलिमीटरची भोकं पाडून माप तयार केलं. ते गालाजवळ धरायचं आणि बाहुली जुळवायची.

सकाळी सात: उजवी साडेसात, डावी तीन.
दुपारी एक: उजवी साडेसात.
सहा: उजवी साडेसात.

टॉर्च मारला तरी हलत नाही. कॅमेऱ्याच्या भाषेत, उजेडाचं भोक लहान-मोठं करणारी पाती पूर्ण उघडी अडकली आहेत. असे शेकडो कॅमेरे बघितले. पात्यांवर तेल आलं की असं होतं. काळजीचं कारण नाही. सूनबाईला म्हटलं, उद्यापर्यंत सुटेल.

जेवण गेलं नाही. भात थोडा कडक होता.

९ मार्च, रविवार

साडेसात.

सूनबाईला उजेड सहन होत नाही. घरातले सगळे पडदे ओढले. दिव्याभोवती तिला कडी दिसतात. जवळचं काही दिसत नाही, भाजी चिरताना बोट थोडक्यात वाचलं. डाव्या डोळ्याची सोय म्हणून तिच्या जुन्या चष्म्याची उजवी काच मी काढून दिली. फार हुशारीची गोष्ट. तिला एका डोळ्याने दार मोठं दिसतं, एकाने लहान. दोन्ही दारांच्या मधून जायला गेली आणि चौकटीवर आपटली. चष्मा तिने माझ्या हातात परत दिला.

दुपारी ती झोपली असताना हलक्या हाताने पापणी उचलून माप घेत होतो. ती जागी झाली. मग बरंच बोलली. शेजारच्या घरातली माणसं विचारायला आली.

चिरंजीवांचा फोन. म्हटलं सगळं झकास. त्यांनी विचारलं, बाबा, आवाज का असा? म्हटलं, तुझ्या बोटीचं नेटवर्क.

१० मार्च, सोमवार

डॉक्टरीणबाईंनी आज यंत्रात अर्धा तास बघितलं. लेन्स जागेवर आहे. डोळ्यातलं प्रेशर ठीक आहे. मात्र आत थोडी सूज आहे, जी आतापर्यंत उतरायला हवी होती. त्यांनी विचारलं, थेंब वेळेवर जातात ना? मी म्हटलं, बाई, घड्याळ चुकेल, मी चुकणार नाही.

त्यांनी बाहुली लहान करायचं औषध तिथेच घातलं. तासाभराने सहावर आली. मी मनात म्हटलं, सुटलो. घरी येऊन चारचा थेंब घातला, सहाचा घातला. सातला माप घेतलं. साडेसात.

बाई असंही म्हणाल्या, की फार क्वचित बुबुळाचे स्नायूच दुखावतात आणि बाहुली कायमची तशी राहते. शुक्रवारपर्यंत वाट बघू. नाही तर लेन्स काढायचा विचार करावा लागेल. दुसऱ्या डोळ्याची तारीख पुढे ढकलली.

 येताना टॅक्सीत सूनबाईने विचारलं, बाबा, तुम्ही म्हणाला होता ना यात भ्यायचं काही नाही. टोमणा नव्हता. खरंच विचारत होती. मी टॅक्सीवाल्याला म्हटलं, डावीकडून घ्या. रस्ता सरळ होता.

संकल्प: थेंब आणखी काटेकोर घालणे. वाटल्यास सहाचे सात.

११ मार्च, मंगळवार

साडेसात. साडेसात. पावणेआठ (माप घेताना माझा हात हलला असेल).

फोनवर वाचायचा प्रयत्न केला. अक्षरं एवढी मोठी केली की स्क्रीनवर एका वेळी एकच शब्द मावायचा. पहिला शब्द आला "कायमस्वरूपी". फोन बंद केला.

सूनबाईने आज तलावाच्या मॅनेजरला फोन केला. एक तारखेला येते असं सांगितलेलं, आता सांगता येत नाही म्हणाली. मग मुलांची नावं एकेक करून विचारत होती, कोण किती पोहतं. मी शेजारच्या खोलीत होतो. मुद्दाम ऐकत नव्हतो. कान दाराशी होता एवढंच.

हे सगळं माझ्या एका वाक्यामुळे. लेन्स बसवून घे. कोणी विचारलं होतं मला? सौ.ला म्हटलं, मला जरा धडधडतंय. ती म्हणाली, आठ दिवस धडधडतंय तुम्हाला, पलंग हलतो.

१२ मार्च, बुधवार

सकाळी नऊ. थेंब जळजळतो असं सूनबाई म्हणाली. म्हटलं, एकटीने का सोसायचं? तिच्यासमोर माझ्याही डाव्या डोळ्यात एक थेंब घातला. थोडं झोंबलं. तिला हसू आलं. पाच दिवसांत पहिल्यांदा.

साडेदहा. बाल्कनीत गेलो, ऊन डोळ्यात सुया घेऊन घुसलं. पेपरही दिसेना. (पेपर तसा मी आवाजावरूनच वाचतो, सौ. मोठ्याने वाचते.)

अकरा. आरशात बघितलं. माझी डावी बाहुली मोठी. मापाने सात.

सव्वाअकरा. म्हणजे हे संसर्गजन्य आहे. सूनबाईच्या डोळ्याचं मला लागलं. उद्या सौ.ला लागेल, मग शेजाऱ्यांना. बोटीवरचा मुलगा तेवढा वाचला.

बारा. अडगळीच्या खोलीत स्वतःला वेगळं ठेवलं. टॉवेल उकळायला लावले. माझा कप कोणी वापरू नये असं दाराआडून सांगितलं. आयुष्यात काय राहिलं याचा विचार केला. तीन कॅमेरे परत करायचे राहिले आहेत.

दुपारी दोन. सौ. दाराबाहेर येऊन उभी राहिली. तिने विचारलं, कोणता डोळा? म्हटलं, डावा. तिने विचारलं, थेंब कोणत्या डोळ्यात घातला होता? म्हटलं, डाव्या. ती काही न बोलता निघून गेली. तिचं बोलणं मी छत्तीस वर्षं सोसलं आहे, पण हे न बोलणं काही बरं वाटलं नाही.

१३ मार्च, गुरुवार

सकाळी आठचा थेंब घातला. सौ.चा कालचा प्रश्न डोक्यातून जाईना. मग दुकानातलं भिंग काढलं, डोळ्याला लावायचं, घड्याळजीचं असतं तसलं. उजव्या डोळ्याला लावलं. लेबलं तर मीच सोललेली. पण बुचांच्याच रंगाची खोकी मी टाकलेली नव्हती. मी काहीच टाकत नाही.

लाल बाटलीचं खोकं: "ऑपरेशनपूर्वी बाहुली मोठी करण्यासाठी."

पांढऱ्या बाटलीचं खोकं: "औषध क्र. १. सूज उतरण्यासाठी. दिवसातून सहा वेळा."

चार वेळा वाचलं. भिंग पुसून पाचव्यांदा वाचलं.

साडेनऊ. शांतपणे विचार केला. घाबरून काही होत नाही. आता पांढरी सुरू करायची, लाल बंद. दोन-तीन दिवसांत बाहुली आपोआप लहान होईल. सगळे म्हणतील, वा. कोणाला काही सांगायची गरज नाही. उगाच सगळ्यांना त्रास.

दहा. पांढरी सुरू केली. सूनबाई म्हणाली, या वेळी जळजळलं नाही. म्हटलं, सवय झाली तुला.

हे वाक्य लिहिताना मलाच कसंतरी होतंय.

अकरा. लाल बाटली कचऱ्यात टाकली. परत काढली. धुतली. परत टाकली.

संध्याकाळी सहा. बाहुली सात. उतरते आहे. सौ. जेवताना माझ्याकडे बघत होती. मी भाताकडे.

१४ मार्च, शुक्रवार

सकाळी सात. साडेसहा. चार वाजता डॉक्टरीणबाईंकडे जायचं आहे. तोवर आणखी उतरेल. मी वाचलो.

साडेदहा. वाचलो नाही. चहा पिताना सूनबाई म्हणाली, आज ती बाईंना लेन्स काढून टाका म्हणणार आहे. थोडीशी लहान झाली म्हणून काय, तिला आता भरवसा नाही. दुसरा डोळा करायचाच नाही. मॅनेजरला द्यायचं पत्रही लिहिलंय, येताना टाकून येईल. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बाबा, माझ्या जुन्या चष्म्यात ती काच परत बसवून द्या. त्या चष्म्याची निदान सवय आहे मला."

अकरा. ठरवलं. बारा वाजता सांगायचं. शास्त्रीय भाषेत, पात्यांचं उदाहरण देऊन.

बारा. ती आंघोळीला गेली.

एक. जेवताना असलं बोलू नये.

दोन. तिचा डोळा लागला आहे. झोपमोड बरी नाही.

अडीच. काच चष्म्यात बसवली. स्क्रू तीनदा पडला. तिसऱ्यांदा सौ.ने उचलून हातात दिला आणि म्हणाली, "सांगताय की मी सांगू?"

हिला कधीपासून माहीत होतं हे विचारलं नाही. विचारून आणखी लहान व्हायचं नव्हतं.

सव्वातीन. सूनबाई दारात बूट घालत होती. पत्र पर्समध्ये. मी चष्मा पुढे केला, तिने हात लांब केला, आणि माझ्याच्याने तो सोडवेना. दोघांनी दोन बाजूंनी धरलेला. पात्यांचं उदाहरण विसरलो. म्हटलं, चुकीची बाटली घालत होतो, बाहुली मोठी करायची, ऑपरेशनच्या आधीची.

तिने विचारलं, "किती दिवस?"

"साडेसहा."

"दिवसातून?"

"सहा वेळा. एकदाही चुकलो नाही."

हे शेवटचं मी का बोललो माहीत नाही. ती स्टुलावर बसली. एका पायात बूट, एक हातात.  मला वाटलं आता तो बूट येतो. तिने हळू विचारलं, "म्हणजे माझा डोळा ठीक आहे?"

म्हटलं, "तुझा ठीक आहे गं. बिघाड माझ्यात आहे."

मग ती रडली, आणि मी या वेळी ओरडलो नाही. सौ.ने तिच्या पर्समधून पत्र काढून घेतलं आणि स्वयंपाकघरात गेली. फाडल्याचा आवाज आला.

संध्याकाळी सात. डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फाइल मिटली, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, एका आठवड्यापूर्वी हे कळलं असतं तर मीही नीट झोपले असते. बाहुली पूर्ण पूर्ववत होईल. सूज पांढऱ्या बाटलीने उतरेल. लेन्स काढायचा प्रश्नच नाही. सूनबाईने दोनदा विचारून घेतलं. दुसऱ्यांदा त्यांनी लिहून दिलं.

मग बाई मला म्हणाल्या, आता तुम्ही खुर्चीत बसा. समोरच्या तक्त्यावरची सगळ्यात मोठी अक्षरं मी धडाधड वाचली. त्याखालची अंदाजाने. त्याच्या खाली ओळी आहेत हे मला नवीनच होतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. शिवाय जवळचा नंबर साडेतीन. बाई म्हणाल्या, इतकी वर्षं तुम्ही वाचत कसे होतात? सौ. म्हणाली, ते कुठे वाचत होते.

१६ मार्च, रविवार

साडेचार. मापायला परवानगी दिवसातून एकदाच. तेही सौ.च्या उपस्थितीत आणि टॉर्चशिवाय.

चिरंजीवांचा फोन. सूनबाईने सगळं सांगितलं. पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. या वेळी नेटवर्क उत्तम होतं.

माझा चष्मा आला. सूनबाईच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आहेत. ही आधी नव्हती की मला दिसली नव्हती? विचारायचा धीर झाला नाही. स्वतःची वर्तुळंही आरशात बघितली.

१९ मार्च, बुधवार

तीन. डावीएवढी उजवी. टॉर्च मारला (बाईंनी, मी नाही) की झटकन आकसते. इतकी सुंदर हालचाल मी कुठल्याही कॅमेऱ्यात बघितलेली नाही. कॅमेऱ्याचा विषय काढायचा नाही असं घरात ठरलं आहे, म्हणून इथे लिहितो.

आज सूनबाई माझ्याशी पहिल्यांदा स्वतःहून बोलली. म्हणाली, बाबा, तुमच्या शर्टाची बटणं एक घर चुकलीत. तिला पार पलीकडच्या खोलीतून दिसलं.

२७ मार्च, गुरुवार

डावा डोळा. आत जायच्या आधी तिचे हात गार पडले होते. सिस्टर थेंब घालत होती, मी भिंतीला टेकून उभा, दोन्ही हात मागे बांधून. सूनबाईने इकडेतिकडे बघत विचारलं, बाबा कुठे आहेत? म्हटलं, इथेच आहे. म्हणाली, काही करू नका, नुसते बसा जवळ.

तर बसलो. काहीही न करणं इतकं अवघड काम आहे याची कल्पना नव्हती. वीस मिनिटं. मासिक हातातही घेतलं नाही.  घाबरलो होतो, मरणाचा घाबरलो होतो. हे इथे कोणी वाचणार नाही म्हणून लिहायला हरकत नाही.

ऑपरेशन छान झालं.

३० मार्च, रविवार

दोन्ही बाहुल्या झकास. परवा ती तलावावर जाणार, पाण्यात अजून नाही, काठावर उभी राहून शिकवणार. काल संध्याकाळी आम्ही सहज जाऊन आलो. या टोकाला उभं राहून तिने पलीकडच्या टोकाची पाटी वाचून दाखवली: "पळू नये." मग पाण्यातली मुलं मोजली. चौदा. परत मोजली. चौदा. परत मोजली.  मोजू दे.

घरी आल्यावर तिने फ्रिजवर कामांचा तक्ता लावला. ठळक अक्षरं, मला वाचता यावीत म्हणून. चष्मा लावून स्वतः वाचला.

पांढरी बाटली: आई.
तपकिरी बाटली: आई.
डॉक्टरांचा फोन: मी.
उरलेली औषधं त्याच दिवशी फेकणे: आई, मी, दोघी मिळून.
बाबा: चहा.

जबाबदारीचं काम आहे. सकाळ-संध्याकाळ, वेळेवर, न चुकता. पाणी किती, उकळी किती, सगळा विचार करून ठेवला आहे. त्याखाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती. भिंग आणून वाचली.

साखर: आई.